दहा मिनिटांची आकाशफेरी

निवडणुका आल्या की वऱ्हाडात हेलिकॉप्टर दिसू लागते. अमरावतीला, अकोल्याला, कधी तालुक्याच्या गावालाही ते उतरते. पोरे धावत सुटतात. म्हातारी माणसे कपाळाशी हात धरून वर पाहतात. कोणी म्हणते, "उडनखटोला आला!" सभा आटोपते. फुफाटा उडवीत ते निघून जाते. आपण पुन्हा आपल्या कामाला लागतो.

पण आता हे यान पुढाऱ्यांपुरते राहिलेले नाही. आपली माणसेही त्यात बसू लागली आहेत. कोणी केदारनाथच्या यात्रेत बसतो. कोणाचा मुलगा दुबईला नोकरीला असतो. तो आईबापांना बोलावून घेतो आणि म्हणतो, "बाबा, चला, तुम्हाला वरून शहर दाखवतो." प्रवासही पूर्वीइतका अवघड राहिलेला नाही. अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईची विमानसेवा सुरू झाली. मुंबईहून दुबई विमानाने तीन-साडेतीन तासांची वाट आहे.

हेलिकॉप्टरची फेरी असते दहा-पंधरा मिनिटांची. पैसे मात्र पुष्कळ पडतात. दुबईत माणशी साधारण दोन क्विंटल कापसाचे मोल जाते. मग त्यात बसावे की बसू नये? ते ज्याचे त्याने ठरवावे. पण समजून ठरवावे. त्यासाठी चार गोष्टी माहीत हव्यात.

ते उडते कसे?

विमानाला पंख असतात. ते धावपट्टीवर जोराने धावते. धावताना पंखांना हवा मिळते आणि ते वर उचलले जाते. म्हणून विमानाला लांब धावपट्टी लागते.

हेलिकॉप्टरचे पंख डोक्यावर असतात. यान जागीच उभे राहते आणि पंख गरगर फिरतात. घरातला छताचा पंखा पाहा. त्याची पाती थोडी तिरपी असतात. ती फिरली की हवा खाली ढकलली जाते. हेलिकॉप्टरची पातीही तशीच हवा खाली ढकलतात. हवा खाली जाते, यान वर उचलले जाते. 'हेलिकॉप्टर' हा शब्द दोन ग्रीक शब्दांतून बनला आहे. त्यांचा अर्थ मळसूत्र आणि पंख.

शेपटीकडे आणखी एक लहान पंखा दिसतो. तो शोभेचा नव्हे. वरची पाती एका दिशेने फिरली की यानाचे धड उलट दिशेने फिरू पाहते. शेपटीचा पंखा त्याला आवरून धरतो.

असे यान इगोर सिकोर्स्की या इंजिनियराने १९३९ साली अमेरिकेत उडवून दाखवले. त्याआधीही काहींनी प्रयत्न केले होते. पण डोक्यावर एक मोठा पंखा आणि शेपटीला एक लहान, ही रचना त्याच्या यानानंतर रुळली. आपल्या हवाई दलात पहिले हेलिकॉप्टर १९५४ साली आले.

"इंजिन बंद पडले तर दगडासारखे खाली येईल काय?" असा प्रश्न मनात येतोच. कागदाची भिंगरी उंचावरून सोडून पाहा. ती फिरत फिरत हळू उतरते. खालून येणारी हवा तिला फिरवत राहते. हेलिकॉप्टरची पातीही तशी फिरत राहू शकतात. वैमानिकाला तसे उतरण्याचे शिक्षण दिलेले असते. मात्र त्यासाठी खाली मोकळी जागा हवी आणि ती जागा डोळ्यांना दिसायला हवी. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे ती पुन्हा येणार आहे.

वरून काय दिसते?

दुबईची फेरी साधारण हजार-दीड हजार फुटांवरून होते. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला वाळवंट आणि मधल्या पट्टीत शहर. असे हे सारे एका नजरेत येते.

समुद्रात खजुराच्या झाडाच्या आकाराचे एक बेट दिसते. त्याचे नाव पाम जुमेरा. मध्ये बुंधा, दोन्ही बाजूंना फांद्या आणि भोवती कमानीसारखा बांध. फांद्यांवर घरांच्या रांगा आहेत. हे बेट माणसांनी केले. काम २००१ साली सुरू झाले. गंमत पाहा. दारात एवढे वाळवंट, पण बेटासाठी वाळू उपसली ती समुद्राच्या तळातून! वाळवंटातले कण वाऱ्याने घासून गोल झालेले असतात. पाण्यात त्यांची नीट बैठक बसत नाही.

किनाऱ्याशी शिडाच्या आकाराचे एक हॉटेल आहे, बुर्ज अल अरब. तेही केलेल्या बेटावरच उभे आहे. त्याची उंची ३२१ मीटर. मग शहराच्या मधोमध येते बुर्ज खलिफा. उंची ८२८ मीटर. ही इमारत २०१० साली खुली झाली. तिचा शेंडा पाहायला हेलिकॉप्टरमधूनही मान वर करावी लागते!

जुनी वस्ती मात्र खाडीच्या काठाला आहे. तिथे पूर्वी कोळी राहत आणि पाण्यात बुड्या मारून मोती काढणारे राहत. तेल सापडले १९६६ साली. त्यानंतर शहर भराभर वाढले. जमिनीवरून चालताना हे उमगत नाही. वरून पाहिले की जुने कुठे संपते आणि नवे कुठे सुरू होते, ते चटकन कळते.

आणखी एक गोष्ट दिसते. शहरात झाडे आहेत, हिरवळ आहे. पण शहर संपले की पिवळी वाळू लागते. तिथे वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या अकोल्याला त्याच्या सातपट तरी पडतो. मग तिथली माणसे पितात काय? बहुतेक पाणी समुद्राचेच. किनाऱ्यावर मोठमोठे कारखाने आहेत. तिथे पाण्यातले मीठ काढतात. त्याला इंधन आणि पैसा फार लागतो. आपल्या खारपाण पट्ट्यातल्या माणसाला ही गोष्ट लवकर समजेल. विहिरीला पाणी आहे, पण पिता येत नाही, हे दुःख त्याने पाहिलेले असते.

बसण्याआधी

तिकीट काढले की आधी तुमचे वजन करतात. लाजू नका. बैलगाडीत ओझे एका बाजूला झाले तर गाडी कलते. इथेही तसेच आहे. म्हणून कोणी कुठे बसायचे ते तेथील माणसे ठरवतात. खिडकी मिळाली नाही म्हणून रुसू नये. त्यात पाच-सहा माणसेच बसतात. पुढच्याच्या खांद्यावरून बरेच दिसते.

यानाकडे जाताना पुढूनच जावे, नाहीतर बाजूने. तेही माणसाने हाताने खूण केल्यावर. मागून कधीच जाऊ नये. शेपटीचा पंखा इतका वेगाने फिरतो की तो डोळ्यांना दिसतच नाही. वाकून चालावे. टोपी, उपरणे, पदर, ओढणी घट्ट धरावी. सैल वस्तू उडून पात्यांत गेली तर मोठा घात होतो. लहान मुलाचा हात सोडू नये.

निवडणुकीतले हेलिकॉप्टर पाहायला जातानाही हेच नियम आहेत. दोराच्या आत जाऊ नये. पात्यांच्या वाऱ्याने खडे आणि सुटे पत्रे उडतात.

आत बसल्यावर पट्टा बांधावा. आवाज फार असतो, म्हणून कानांवर झाकण देतात. ते काढू नये. कानाचे किंवा हृदयाचे दुखणे असेल, बाई गरोदर असेल, तर आधी डॉक्टरला विचारावे.

वेळ शक्यतो सकाळची घ्यावी. दुपारी जमीन तापते. तापलेली हवा वर चढते आणि यानाला धक्के बसतात. शिवाय तापलेली हवा विरळ असते. विरळ हवेत पात्यांना उचल कमी मिळते. म्हणून कडक उन्हात माणसे कमी घेतात. अकोल्याचा मे महिना ज्याने काढला, त्याला तापलेली हवा काय असते ते सांगायला नको.

हवा वाईट असेल तर

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट.

१५ जून २०२५ ची पहाट. केदारनाथहून गुप्तकाशीकडे एक हेलिकॉप्टर निघाले. गौरीकुंडाजवळच्या जंगलात ते कोसळले. वैमानिकासह सातही जण गेले. त्यांत यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीचे आईबाप होते आणि त्यांची दोन वर्षांचीही न झालेली मुलगी होती. त्या वेळी खोऱ्यात ढग दाटले होते, असे तेव्हा सांगण्यात आले.

केदारनाथ साडेतीन हजार मीटरहून उंच आहे. तिथे हवा विरळ. दरी अरुंद. ढग क्षणात येतात. खाली उतरायला मोकळी जागा नाही. मघाशी जे ध्यानात ठेवायला सांगितले, ते इथे आठवा.

केवळ शहर पाहण्याच्या फेरीतही अपघात होतात. त्याच वर्षी १० एप्रिलला न्यूयॉर्क शहरात अशी फेरी नदीत कोसळली. पाच जणांचे एक कुटुंब आणि वैमानिक, असे सहा जण गेले.

म्हणून हेलिकॉप्टरमध्ये बसूच नये काय? तसे नाही. रोज कितीतरी फेऱ्या सुखरूप होतात. पूर आला की हेच यान छपरावर अडकलेल्या माणसांना उचलून आणते. पण त्याला हवा स्वच्छ लागते. वैमानिकाला समोरचे दिसावे लागते. म्हणून वैमानिक म्हणाला, "आज उडत नाही," तर त्याच्याशी हुज्जत घालू नका. "आम्ही लांबून आलो, पैसे भरले, उद्या आमची गाडी आहे," असे म्हणून त्याच्यामागे लागू नका. दहा जणांनी तगादा लावला की माणसाचे मन डळमळते. आणि तोच उडायला निघाला, पण ढग-धुके पाहून तुमचे मन घेत नसेल, तर तुम्ही नाही म्हणा. तिकिटाचे पैसे गेले तर पुढच्या हंगामात पुन्हा मिळवता येतील.

हवा बिघडली तर पैसे परत मिळतात काय, हे तिकीट काढण्याआधीच विचारून घ्यावे. लिहिलेला कागद मागावा. तो वाचावा. वाचता येऊ लागल्याचा हा रोकडा उपयोग आहे.

आपले वऱ्हाड वरून

कोणी म्हणेल, "एवढे पैसे आमच्याजवळ कुठले?" त्यांनीही वाईट वाटून घेऊ नये. चिखलदरा खालच्या अचलपूर-परतवाड्याच्या मैदानापेक्षा सहाशे-सातशे मीटर उंच आहे. म्हणजे दुबईचे हेलिकॉप्टर उडते त्याहूनही उंच! एस.टी.ने चिखलदऱ्याला जावे आणि कड्याच्या कठड्याशी उभे राहावे. खालची वावरे गोधडीच्या ठिगळांसारखी दिसतात.

आजकाल घरोघरी मोबाईल आहे. त्यातल्या नकाशात उपग्रहाने काढलेली चित्रे असतात. त्यात आपला मुलूख उघडून पाहा. वर उत्तरेला सातपुडा आणि मेळघाटचे गर्द रान. खाली दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर. मधल्या काळ्या मैदानातून पूर्णा नदी पश्चिमेला तापीकडे जाते. तिच्या दोन्ही काठांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतला खारपाण पट्टा पसरला आहे. म्हणजे खारे पाणी हे एका गावाचे नशीब नव्हे. ते साऱ्या खोऱ्याचे दुखणे आहे. एका गावाने विहीर खोदून ते मिटत नाही. अनेक गावांनी मिळून बाहेरून गोडे पाणी आणावे लागते.

अकोला शोधा. मोर्णा नदी दिसेल. तिच्या काठाला असदगड किल्ला आहे. अमरावती शोधा. जुने शहर परकोटाच्या आत आहे. पेंढाऱ्यांपासून व्यापारी पेठ राखण्यासाठी हा कोट १८०७ साली बांधायला घेतला. त्याला पाच दरवाजे आणि चार खिडक्या. घेर सुमारे साडेतीन किलोमीटर. आज शहर त्याच्या कितीतरी बाहेर पसरले आहे. मग बुलढाणा जिल्ह्यात लोणार शोधा. उल्का पडून झालेले ते विवर वरून वाटोळ्या ताटासारखे दिसते. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे.

शेवटी आपले गाव शोधा. गावठाण, पांदण, नाला, आपले वावर. पाणी कुठून येते आणि कुठे जाते, कुठे अडवता येईल, हे वरून चांगले समजते. हेलिकॉप्टरची फेरी दहा मिनिटांत संपते. वरून पाहून आपला मुलूख समजून घ्यायची सवय लागली, तर ती जन्मभर पुरते.

ध्यानात ठेवा

१. यानाकडे पुढून किंवा बाजूने जावे. मागून कधीही नाही.
२. खूण झाल्याशिवाय जवळ जाऊ नये. वाकून चालावे, कपडे आवरावे.
३. वजन करताना आणि जागा देताना हट्ट करू नये.
४. हवा वाईट असेल तर उडण्याचा आग्रह धरू नये.
५. पैसे देण्याआधी कागद वाचावा.

विचार करा

१. हेलिकॉप्टरला लांब धावपट्टी का लागत नाही?
२. डोंगराच्या दरीत ढग असताना उडणे धोक्याचे का?
३. खारपाण पट्ट्यातले दुखणे आणि दुबईचे दुखणे यांत सारखे काय आहे? वेगळे काय आहे?
४. आपल्या गावाचा वरून दिसेल तसा नकाशा पाटीवर काढा. त्यात नाला कोणत्या दिशेला वाहतो ते दाखवा.