बाळाचा पहिला महिना

मिरचीचे रोप वाफ्यात असताना आपण त्याला किती जपतो! तान्ह्या बाळाचा पहिला महिनाही तसाच नाजूक असतो.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले व पुढे गडचिरोलीस आले. तेथील ३९ खेड्यांत त्यांनी गावच्याच, थोड्याफार शिकलेल्या बायांना नवजात बाळाची निगा शिकवली. वजन करणे, ताप पाहणे, श्वास मोजणे, जंतुदोष ओळखून औषध देणे, हे सारे त्या बाळंतिणीच्या घरी काम करता करता शिकल्या. आधी दर हजारी ६२ बाळे पहिल्या महिन्यात दगावत. १९९८ पर्यंत हा आकडा २५ च्या आसपास आला. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे संशोधन छापून आले.

२०११ पासून देशभर आशाताई अशाच घरभेटी देतात. बाळंतपण दवाखान्यात झाले तरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी ती येते. 'बाळ बरे आहे' म्हणून तिला दारातूनच परत पाठवू नका. वजन करू द्या.

नाळेला राख, हळद, तेल लावू नका. बाळ दूध ओढेनासे झाले, अंग गार पडले वा तापले, शांत असताना मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास घेऊ लागले, तर लगेच दवाखाना गाठा.

शेतात दुबार पेरणी करता येते, इथे नाही. तेव्हा भेटीच्या तारखा आजच भिंतीवर लिहून ठेवा.