गिधाडांचे पुनरागमन आणि पशुपालकांचे कर्तव्य

शेतकऱ्याला उपयोगी पडणाऱ्या पशुपक्ष्यांची गणना करताना आपण बैल, गाय, म्हैस, शेळी व कोंबडी यांची नावे घेतो. नांगरामागून चालत किडी वेचणारा बगळा आणि रात्री उंदीर टिपणारे घुबड यांचेही उपकार जाणता शेतकरी मानतो. गिधाडाचे नाव मात्र कोणी घेत नाही. त्याची पिसे नसलेली मान, मढ्यावर तुटून पडण्याची त्याची रीत आणि त्याच्याभोवती जडलेल्या अशुभाच्या कल्पना यांमुळे हा पक्षी सदैव तिरस्काराचा विषय झाला. वस्तुतः जेथे घरोघरी जनावरे पाळली जातात, अशा आपल्या देशात गिधाडाएवढे मोलाचे काम विनामूल्य करणारा पक्षी क्वचितच दुसरा असेल. तो दिसेनासा झाला तेव्हाच त्याच्या कामाची किंमत आपल्याला कळली. आता त्यास परत आणण्याचे प्रयत्न सुरू झाले आहेत. त्यांचे यश जंगलापेक्षाही अधिक आपल्या गोठ्यावर अवलंबून आहे. म्हणून ही हकीकत प्रत्येक पशुपालकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

गिधाडांचे काम

पूर्वी गावात बैल किंवा म्हैस मेली म्हणजे ते जनावर गावाबाहेरच्या ठरलेल्या जागी नेऊन टाकीत. थोड्याच वेळात आकाशात घिरट्या दिसू लागत आणि पाहता पाहता गिधाडांचा थवा खाली उतरे. मोठा थवा असला तर तासाभरात केवळ हाडे शिल्लक राहत. मांस सडण्यास, माशा व किडे होण्यास आणि ओढ्याचे पाणी दूषित होण्यास वेळच मिळत नसे. गिधाडाच्या जठरातील आम्ल अतिशय तीव्र असते. त्यामुळे इतर प्राण्यांना बाधणारे अनेक रोगजंतू त्याच्या पोटात नाश पावतात. सारांश, रोगाचा प्रसार गिधाडापाशी येऊन थांबतो.

महाराष्ट्रात मुख्यत्वे दोन जातींची गिधाडे आढळत. पांढऱ्या पाठीचे गिधाड उंच झाडांवर घरटे करते, तर लांब चोचीचे गिधाड सह्याद्रीसारख्या डोंगरांच्या कड्यांत राहते. दोन्ही जातींची मादी वर्षाकाठी एकच अंडे घालते. पिल्लू मोठे होऊन स्वतः वीण करण्यास सुमारे पाच वर्षे लागतात. ही गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. कारण ज्या पक्ष्याची वीण इतकी मंद, त्याची हानी भरून येण्यासही तितकाच दीर्घ काळ लागतो.

ऱ्हास कसा झाला

एके काळी भारतात गिधाडे कोट्यवधींच्या संख्येने होती. १९९० नंतरच्या दशकात राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे शास्त्रज्ञ डॉ. विभू प्रकाश यांना निराळेच दृश्य दिसू लागले. गिधाडे मान खाली टाकून झाडांवर निपचित बसलेली असत आणि काही दिवसांनी खाली मरून पडत. देशभर पाहणी केली असता हाच प्रकार सर्वत्र आढळला. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या दर हजारी एकावर आली. लांब चोचीच्या गिधाडांचीही शेकडा ९५ हून अधिक घट झाली. मुंबईतील पारशी समाजाच्या डुंगरवाडीत मृतांचे अंतिम कार्य परंपरेने गिधाडांकडून होत असे. तेथेही आकाश रिकामे झाले.

प्रारंभी एखाद्या साथीच्या रोगाचा संशय होता. २००४ साली डॉ. लिंडसे ओक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातील मेलेल्या गिधाडांची तपासणी करून खरे कारण उघडकीस आणले. ते कारण म्हणजे डायक्लोफेनॅक हे जनावरांना टोचले जाणारे वेदनाशामक औषध होय.

औषध हेच विष

डायक्लोफेनॅक हे स्वस्त व लवकर गुण देणारे औषध. लंगडणारा बैल, सुजलेली कास, ताप अशा तक्रारींवर त्याचा सर्रास वापर होऊ लागला. जनावर बरे झाले तर प्रश्नच नव्हता. काही दिवसांत औषधाचा अंश शरीरातून निघून जाई. परंतु औषध टोचल्यानंतर एकदोन दिवसांतच जनावर मेले, तर त्याच्या यकृतात, मूत्रपिंडांत व मांसात औषध शिल्लक राही. असे मांस खाल्लेल्या गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात. शरीरातील यूरिक आम्ल बाहेर पडत नाही, त्याचे पांढरे कण हृदय, यकृत आदी अवयवांवर साचतात आणि थोड्याच दिवसांत पक्षी दगावतो.

येथे कोणाही शेतकऱ्यास असा प्रश्न पडेल की, औषध टोचलेली अशी जनावरे मरून मरून किती मरणार? त्यांमुळे देशातील सारी गिधाडे कशी नष्ट होतील? शास्त्रज्ञांनी हिशेब केला तेव्हा असे दिसून आले की, शंभर मढ्यांत एकाहूनही कमी मढे विषारी असले, तरी एवढी हानी होण्यास ते पुरेसे आहे. हा हिशेब सोपा आहे. गिधाडास तीन दिवसांतून एकदा पोटभर खाणे मिळते असे समजू. म्हणजे वर्षात सुमारे १२० वेळा ते मढ्यावर बसते. दोनशे मढ्यांत एकच विषारी असे धरले, तरी वर्षाअखेर शंभर पक्ष्यांपैकी सुमारे ४५ मरतील. त्यातच एका मढ्यावर अनेक पक्षी एकदम जेवतात. नुकसान असे झपाट्याने होते आणि भरपाई मात्र जोडप्यामागे वर्षाला फार तर एका पिल्लाची!

गिधाडे गेल्याची किंमत

गिधाडे गेली, पण मेलेली जनावरे गेली नाहीत. त्यांच्यावर भटकी कुत्री जगू लागली. कुत्रे गिधाडाप्रमाणे मढे झटपट संपवीत नाही. मांस दिवसेंदिवस कुजत राहते. कुत्र्यांची संख्या वाढली, तसा पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशाचा धोकाही वाढला. शेळ्या, वासरे, शाळेत जाणारी मुले आणि रात्री पिकाला पाणी देणारा शेतकरी यांना हा धोका सर्वांत जवळचा. ओढे व विहिरी यांच्या पाण्यासही अपाय पोचला. इयाल फ्रँक व अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जिल्हावार मृत्यूंचे आकडे तपासले आहेत. जेथे पूर्वी गिधाडे विपुल होती, त्या जिल्ह्यांत २००० ते २००५ या काळात त्यांच्या अभावी सुमारे पाच लाख माणसे अधिक मेली, असा त्यांचा अंदाज आहे. निसर्गातील एक दुवा तुटला की त्याचा भार अखेर माणसावर कसा येऊन पडतो, याचे याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण.

पक्षी वाढवून सोडण्याचे कार्य

भारत सरकारने २००६ साली जनावरांसाठी डायक्लोफेनॅक तयार करण्यास बंदी केली. तरीही माणसांसाठी असलेल्या औषधाच्या मोठ्या कुप्या जनावरांसाठी वापरल्या जात असल्याचे आढळले. म्हणून २०१५ साली त्या कुप्यांवर निर्बंध घालून एका मात्रेची ३ मिलिलिटरची कुपीच ठेवण्यात आली. पुढे किटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅक ही औषधेही गिधाडांस घातक ठरल्याने २०२३ साली जनावरांसाठी त्यांच्यावर बंदी आली. त्यानंतर निमेसुलाइडचीही तीच गत झाली.

याबरोबरच उरलेल्या पक्ष्यांपासून वीण करण्याचे काम हाती घेण्यात आले. हरियाणातील पिंजोर येथे नॅचरल हिस्टरी सोसायटी व राज्याचा वन विभाग यांनी जटायू संवर्धन केंद्र उभारले. पुढे पश्चिम बंगाल, आसाम व मध्य प्रदेशातही अशी केंद्रे निघाली. तेथे पक्ष्यांना औषधमुक्त मांस दिले जाते. कित्येकदा पहिले अंडे काढून ते यंत्रात उबवितात, म्हणजे मादी दुसरे अंडे घालते आणि मंद वीण थोडी वाढविता येते. २०२० च्या ऑक्टोबरात पिंजोरजवळ पांढऱ्या पाठीची आठ गिधाडे मोकळी सोडण्यात आली.

महाराष्ट्रातही हे कार्य आले आहे. जानेवारी २०२४ मध्ये पिंजोरहून वीस गिधाडे आणण्यात आली. त्यांपैकी पांढऱ्या पाठीची दहा ताडोबा व्याघ्र प्रकल्पात आणि लांब चोचीची दहा पेंच व्याघ्र प्रकल्पात ठेवली गेली. नव्या प्रदेशाची सवय व्हावी म्हणून काही महिने त्यांना मोठ्या पिंजऱ्यांत ठेवले आणि मग पाठीवर मागोवा देणारी लहान उपकरणे बसवून सोडले. ताडोबाहून निघालेला एक पक्षी तर कित्येक राज्ये ओलांडून तामिळनाडूपर्यंत पोचला आणि तेथे विजेचा धक्का लागून मेला. यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. गिधाड अभयारण्याच्या सीमा ओळखत नाही. ते शेकडो गावांवरून उडते व कोणत्याही गावाबाहेर मढे दिसले की उतरते. म्हणूनच ज्या गावाने गिधाड कधी पाहिलेही नाही, त्या गावातील एका इंजेक्शनाने वर्षानुवर्षांचे श्रम वाया जाऊ शकतात.

नेपाळचे उदाहरण

गावकऱ्यांनी मनावर घेतले तर काय घडते, हे नेपाळने दाखविले आहे. नवलपरासी जिल्ह्यातील पिठौली या गावी २००६ साली लोकांनी ‘जटायू रेस्टॉरंट’ नावाची व्यवस्था सुरू केली. म्हातारी व निरुपयोगी गुरे ते सांभाळतात, घातक औषधे त्यांना देत नाहीत आणि नैसर्गिक मृत्यू आल्यावर ती गिधाडांपुढे ठेवतात. आसपासच्या प्रदेशात डायक्लोफेनॅकऐवजी सुरक्षित औषध वापरात आणले गेले. परिणामी नेपाळच्या त्या तराई भागात गिधाडांची घट थांबून संख्या पुन्हा वाढू लागली. आपल्याकडेही रायगड जिल्ह्यातील म्हसळा तालुक्यात चिरगाव येथे ग्रामस्थांच्या साहाय्याने गिधाडांची घरटी राखण्याचे काम झाले आहे. तेव्हा हे आपल्याला अशक्य आहे, असे म्हणण्यास जागा नाही.

पशुपालकांनी काय करावे

१. जनावरास वेदनाशामक द्यावयाचे झाल्यास पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावे. मेलॉक्सिकॅम हे औषध गिधाडांना सुरक्षित असल्याचे प्रयोगांती सिद्ध झाले आहे. टॉल्फेनॅमिक आम्लही सुरक्षित आढळले आहे. सूज, ताप व वेदना यांवर या औषधांचा गुण येतो.

२. डायक्लोफेनॅक, किटोप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक किंवा निमेसुलाइड जनावरास टोचू देऊ नये. माणसांच्या औषधाची कुपी कोणी गोठ्यात आणली तर ती नाकारावी. कुपीवरील नाव वाचून घेण्याची सवय लावावी.

३. मरणापूर्वी आठवड्याभरात जनावरास वेदनाशामक दिले असेल आणि ते कोणते हे माहीत नसेल, तर मढे उघड्यावर न टाकता खोल खड्ड्यात पुरावे.

४. काळपुळीचा संशय असलेले किंवा पिसाळून मेलेले जनावर कदापि उघड्यावर टाकू नये व फाडू नये. पशुवैद्यकास कळवून, चुना घालून खोल पुरावे.

५. बिबट्याने वा कुत्र्यांनी मारलेल्या गुरावर विष घालू नये. त्या विषाने गिधाडांचे थवेच्या थवे मरतात आणि असे करणे कायद्याने गुन्हा आहे.

६. ज्या उंच झाडावर गिधाडांचे घरटे असेल, ते झाड तोडू नये. ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत घरट्याजवळ गडबड करू नये.

ग्रामकार्यकर्त्यांची जबाबदारी

गावपातळीवर काम करणाऱ्यांनी ही माहिती ग्रामसभेत, दूध सोसायटीच्या बैठकीत व जनावरांच्या बाजारात सांगावी. पशुवैद्यकीय दवाखान्यात मेलॉक्सिकॅम उपलब्ध आहे की नाही, याची विचारपूस करावी. कारण सुरक्षित औषध हाताशी नसेल तर नुसत्या उपदेशाचा उपयोग होत नाही. मढी टाकण्याची जागा वस्ती, विहीर व विजेच्या तारा यांपासून दूर असावी आणि कुत्री शिरणार नाहीत असे कुंपण तिला असावे, याकडे ग्रामपंचायतीचे लक्ष वेधावे. पंखावर क्रमांक किंवा पाठीवर उपकरण असलेले गिधाड दिसल्यास लोकांनी भिऊ नये व त्यास पकडू नये. वनरक्षकास ताबडतोब कळवावे. आजारी पक्षी मान टाकून बसलेला आढळला तरीही तसेच करावे.

नाहीसा झालेला वन्य जीव परत आणणे म्हणजे केवळ त्यास पिंजऱ्यातून सोडणे नव्हे. ज्या कारणाने तो गेला, ते कारण दूर झाले नसेल, तर सोडलेला पक्षी मरणाच्याच वाटेला लागतो. गिधाडांच्या बाबतीत ते कारण दूर करण्यास धरण बांधावे लागत नाही की जमीन सोडावी लागत नाही. औषधाची कुपी तेवढी बदलावी लागते. शास्त्रज्ञांनी आपले काम केले आहे, कायदाही झाला आहे. उरलेले काम गोठ्याच्या दारात उभ्या असलेल्या पशुपालकाचे आहे. त्याने ते मनावर घेतल्यास गावावरच्या आकाशात गिधाडांच्या घिरट्या पुन्हा दिसू लागतील, आणि त्या पाहून आपल्या गावची हवा, पाणी व गुरे यांना एक जुना राखणदार परत मिळाला, असे समाधान त्यास खचित वाटेल.