कापसाच्या पैशातली लाल कचेरी

डॅलसहून दक्षिणेला निघालं की पन्नासेक किलोमीटरवर वॉक्साहॅची लागतं. टेक्सासमधल्या एलिस काउंटीचं हे मुख्य ठिकाण. गावचौकाच्या मधोमध गुलाबी ग्रॅनाइट आणि लाल वालुकाश्मातली कचेरी उभी आहे. गोल बुरूज, जाडजूड कमानी, उतरती टोकदार छपरं आणि मधल्या उंच मनोऱ्यावर चारही दिशांना घड्याळ. कुणा सरदाराची गढी वाटावी असा थाट. बांधली मात्र ती खटले, जमिनीच्या नोंदी, कर आणि लग्नाचे परवाने अशा रोजच्या कामांसाठी.

इथे येणाऱ्याला पहिल्यांदा ऐकवली जाते ती प्रेमकथा. देवड्यांच्या खांबांवर दगडात कोरलेले चेहरे आहेत. काही देखणे, काही दात विचकणारे, काही अगदी भेसूर. सांगतात असं की हॅरी हर्ली नावाचा पाथरवट कामासाठी गावात आला आणि मेबल फ्रेम नावाच्या मुलीवर त्याचा जीव जडला. आधी त्यानं तिचाच सुंदर चेहरा कोरला. ती नकार देत गेली, तसतसा दगडातला चेहरा बिघडत गेला. गोष्ट इतकी नेटकी आहे की खोटी असणार हे ऐकतानाच कळतं. अभ्यासकांनाही ती पटत नाही. ज्या रोमनेस्क शैलीत ही इमारत आहे, तिच्यात खांबांच्या माथ्यावर वेडेवाकडे चेहरे कोरायची प्रथा मध्ययुगापासूनची. त्यासाठी पाथरवटाचा प्रेमभंग व्हावा लागत नाही.

माझी तक्रार वेगळीच आहे. या चेहऱ्यांपायी लोक देवडीत उभे राहतात आणि देवडी पाहायची राहून जाते.

जेम्स राइली गॉर्डन हा इथला वास्तुविशारद. १८९५ मध्ये कोनशिला बसली तेव्हा जेमतेम बत्तिशीतला. त्या काळी अमेरिकेत एच. एच. रिचर्डसन या वास्तुविशारदाच्या दणकट दगडी शैलीची चलती होती. गॉर्डननं ती उचलली, पण टेक्सासच्या उन्हाळ्याचा हिशेब करून. इमारतीचा आराखडा अधिकच्या चिन्हासारखा; चार बाजूंना चार भुजा. दोन भुजा जिथे मिळतात त्या आतल्या कोपऱ्यांत त्यानं देवड्या बसवल्या. म्हणजे दरवाजे भिंतींच्या मध्यावर नाहीत, कोपऱ्यांत आहेत, सावलीत. बहुतेक खोल्यांना एकाहून जास्त बाजूंनी खिडक्या मिळाल्या. आणि मधोमध, जिन्याच्या जागी, थेट मनोऱ्यापर्यंत जाणारी मोकळी पोकळी. सावलीतून आलेली हवा खोल्यांतून फिरायची, तापली की त्या पोकळीतून वर चढून मनोऱ्यातून बाहेर पडायची. आपल्या वाड्यात चौक जे काम करतो, ते इथे उभ्या पोकळीनं केलं. वीज आणि पंखे घरोघरी पोहोचण्याआधीचं हे वातानुकूलन. मनोरा नुसता मिरवायला नव्हता.

अर्थात मिरवायलाही होताच! १८८१ मध्ये टेक्सासच्या विधिमंडळानं काउंट्यांना कचेऱ्या बांधण्यासाठी कर्जरोखे काढायची मुभा दिली आणि गावागावांत चढाओढ लागली. शेजारच्या काउंटीपेक्षा आपली कचेरी उंच हवी. एलिस काउंटीकडे तेव्हा ऐपतही होती, कारण इथली काळी जमीन कापसाची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला देशात सर्वाधिक कापूस पिकवणाऱ्या काउंट्यांत तिची गणना होई. १८९७ मध्ये पुरी झालेली ही इमारत त्या कापसाचीच. मुंबईकराला हे नवं नाही. अमेरिकेतल्या यादवीत तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, मुंबईच्या कापूसबाजारात पैशाचा पूर आला, आणि त्याच काळात वर आलेल्या प्रेमचंद रायचंदांच्या देणगीतून राजाबाई टॉवर उभा राहिला. मुंबईचा मनोरा अमेरिकेचा कापूस थांबला म्हणून, वॉक्साहॅचीचा कापूस भरभरून आला म्हणून, घड्याळं दोन्हींवर. वॉक्साहॅचीत कापूस वेचणारे बरेचसे बटईनं शेती करणारे, गोरे आणि काळे दोन्ही. कचेरीच्या दगडात कोरलेल्या चेहऱ्यांत त्यांना शोधायला जाऊ नये.

पुढे कापसाची सद्दी ओसरली. १९८४ च्या ‘प्लेसेस इन द हार्ट’ या चित्रपटात कर्ज फेडायला कापूस लावणारी विधवा सॅली फील्डनं रंगवली आणि ऑस्कर मिळवलं. चित्रीकरण याच गावात झालं. काउंटीला पुन्हा एकदा मोठं स्वप्न पडलं ते जमिनीखालचं. वॉक्साहॅचीभोवती ८७ किलोमीटर परिघाचा जगातला सर्वांत मोठा कणत्वरक व्हायचा होता. बावीस-तेवीस किलोमीटर बोगदा खणून झाला, सुमारे दोन अब्ज डॉलर खर्ची पडले आणि १९९३ मध्ये अमेरिकी संसदेनं प्रकल्प गुंडाळला. कचेरीचं काम कर्जरोख्यांवर का होईना, पुरं तरी झालं होतं.

जुन्या कचेऱ्यांच्या डागडुजीसाठी टेक्सास राज्यानं १९९९ मध्ये खास योजना काढली. सुरुवातीच्या काळात मदत मिळालेल्यांत एलिसची कचेरी होती. गॉर्डननं टेक्सासमध्ये अशा १८ कचेऱ्या बांधल्या; १२ आजही उभ्या आहेत. वेळ असेल तर फोर्ट वर्थच्या उत्तरेला, डेकेटर गावातली वाइझ काउंटीची कचेरीही पाहावी. वॉक्साहॅचीची जवळजवळ जुळी बहीणच. तिथे निदान कोपऱ्यातल्या देवड्या नीट बघताना मध्ये कुणी मेबल येत नाही.