भीमेच्या वाळूवरील घरटी

पावसाळा सरला की वाळूगटांच्या लिलावाची चर्चा सुरू होते. अमुक गट, इतके ब्रास, इतकी किंमत असा तो हिशेब असतो. वाळू ही सरकारी दप्तरात ‘गौण खनिज’ म्हणून नोंदलेली असल्यामुळे तिच्याकडे महसुलाच्या दृष्टीनेच पाहिले जावे, यात नवल नाही. परंतु त्या वाळूवर कोण राहते, हा प्रश्न लिलावापूर्वी विचारला गेला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आमची मुळा-मुठा रांजणगाव सांडस येथे भीमेस मिळते. पुढे दौंड ओलांडल्यावर ही भीमा उजनीच्या जलाशयात संथ होते. १९८० साली पुऱ्या झालेल्या या धरणाने हजारो कुटुंबांची घरेदारे बुडविली हे खरे. पण त्याच्याच फुगवट्यावर भिगवण-कुंभारगावच्या परिसरात रोहित पक्ष्यांचे थवे उतरू लागले, हिमालय ओलांडून पट्टकादंब येऊ लागले. पुणेकर हिवाळ्यातील रविवारी दुर्बिणी घेऊन तेथे जातात आणि त्या जागेस कौतुकाने ‘अभयारण्य’ म्हणतात. कायद्याच्या लेखी मात्र ते अभयारण्य नाही.

हिवाळी पाहुणे परतल्यावर खरी कसोटी लागते. फाल्गुन-चैत्रात पाणी उतरते, वाळूची बेटे उघडी पडतात आणि नदीसुरय व आर्ली हे पक्षी तेथेच अंडी घालतात. काडी नाही, पान नाही. उघड्या वाळूत एक उथळ खळगा, एवढेच त्यांचे घर. अंडी वाळूच्याच रंगाची असल्यामुळे माणसाच्या पायाखाली ती येतात आणि त्यास कळतही नाही. मग ट्रॅक्टरच्या चाकांची काय कथा! आता शासनाचा नियम पाहा. पावसाळ्यात वाळूउपशास बंदी आणि कोरड्या ऋतूत परवानगी. म्हणजे पूर येतो तेव्हा नदीस विश्रांती, आणि घरटी भरलेली असतात तेव्हा फावड्यांना मोकळीक. नदीच्या पात्राचा विचार करून केलेला हा नियम आहे. पक्ष्यांचे वेळापत्रक त्याच्या कर्त्यांसमोर नसावे.

पक्ष्यांहूनही बिकट अवस्था एका कासवाची आहे. १८७२ साली जॉन एडवर्ड ग्रे या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने ज्या मृदुकवची कासवाचे वर्णन शास्त्रास प्रथम दिले, त्याचा नमुना पुण्याचा होता. लीथचे कासव म्हणून ते ओळखले जाते आणि भारतीय द्वीपकल्पाबाहेर ते कोठेही नाही. आज त्याची गणना अतिसंकटग्रस्त प्राण्यांत होते. २०२२ साली त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक निर्बंध आले. हे कासव काठच्या वाळूमातीत अंडी पुरते. पुण्याच्या नावाने शास्त्रात नोंदलेला हा प्राणी किती पुणेकरांस ठाऊक आहे?

वाळू पुन्हा येईल, असे सांगितले जाते. कोठून येणार? खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, पवना, मुळशी, चासकमान या धरणांनी वरचा गाळ व वाळू अडवून धरली आहे. सह्याद्रीचा काळा दगड झिजून वाळू होण्यास जो काळ लागतो, तो ठेकेदाराच्या मुदतीत बसणारा नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी पाच हेक्टरांहून लहान क्षेत्रांतील गौण खनिजांसही पर्यावरण-परवानगी आवश्यक ठरविली, ती अशाच बेबंद उपशाच्या अनुभवामुळे. तरीही रात्री यांत्रिक बोटी चालतात, महसूल खाते त्या पकडून स्फोटकांनी उडविते, आणि थोड्याच दिवसांत नव्या बोटी पाण्यात दिसतात.

या बोटींचा माल जातो कोठे? आमच्याच इमारतींत! दगड चुरून केलेल्या वाळूविषयी शासनाने २०२५ साली धोरण जाहीर केले, हे चांगले झाले. (ती वाळू टेकड्या फोडून होते, याचा विसर पडू नये, पण तो निराळ्या लेखाचा विषय.) उजनीतील गाळासह वाळू काढण्याची कल्पनाही वारंवार पुढे येते. धरणाची साठवण वाढावी याला आमचा विरोध नाही. मात्र कोणत्या बेटांस हात लावावयाचा नाही, हे कंत्राटापूर्वी ठरले पाहिजे.

जिल्ह्यातील प्राणिपक्ष्यांची सर्वसाधारण यादी अहवालास जोडणे निराळे आणि अमुक गटात किती घरटी आहेत हे चैत्रात जाऊन मोजणे निराळे. ही मोजणी वनखात्याने करावी, घरटी असलेले गट लिलावातून वगळावेत आणि उरलेल्या गटांतही मार्च ते मे उपसा बंद ठेवावा, अशी आमची जिल्हाधिकाऱ्यांस विनंती आहे. वाळूगटांचा जिल्हा सर्वेक्षण अहवाल, २०१६ च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे, अंतिम होण्यापूर्वी एकवीस दिवस नागरिकांच्या हरकतींसाठी खुला ठेवावा लागतो. दुर्बिणी घेऊन भिगवणला जाणाऱ्यांनी आपल्या नोंदवह्या त्या एकवीस दिवसांत जिल्हाधिकारी कचेरीत पोहोचवाव्यात.