सगळं गेल्यावर उरलेली माणसं

मागच्या रविवारी आमच्या घरी मुलांनी एक सिनेमा पाहिला. त्यात सगळं जग कोसळतं आणि मूठभर माणसं तेवढी उरतात. सिनेमा संपला आणि भांडण सुरू झालं. थोरली म्हणाली, "मला नाही बाई उरायचं असल्या जगात! वीज नाही, दवाखाना नाही, पुस्तकं नाहीत. त्यापेक्षा सगळ्यांबरोबर गेलेलं बरं." धाकट्याला मात्र गंमत वाटत होती. "शाळा नाही, दिवसभर शिकार करायची, नदीकाठी झोपडीत राहायचं. मी तर उरणार!" शेवटी दोघांनी निवाडा माझ्यावर सोपवला.

दोस्तांनो, तुम्ही कुणाच्या बाजूने? पटकन उत्तर देऊ नका हं. ज्यांच्यावर खरोखरच अशी वेळ आली होती, त्यांनाच आधी विचारू या. त्यासाठी फार लांब जायला नको. पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे शेतांमध्ये पांढरीची काही टेकाडं होती. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. झै. दा. अन्सारी ही त्यातली मोठी नावं. मातीखालून निघालं एक आख्खं गाव. तिथे इ.स.पूर्व १६०० ते इ.स.पूर्व ७०० पर्यंत, म्हणजे सुमारे नऊशे वर्षं माणसं राहत होती!

त्यांना लिहिता येत नव्हतं. त्यामुळे आपल्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या भिंतींना, चुलींना आणि हाडांनाच विचारावं लागतं.

या गावाचे चांगले दिवस होते इ.स.पूर्व १४०० ते १००० या काळात. घरं चौकोनी, ऐसपैस, कुडाच्या भिंतींची. ती ओळीने बांधलेली, मधून गल्ल्या. गावाच्या मध्यभागी पाच खोल्यांचं एक मोठं घर होतं. ते गावच्या मुखियाचं असावं, कारण शेजारीच धान्याचं कोठार सापडलं. गावात कुंभार होता, सोनार होता. नदीच्या पुराचं पाणी वळवून शेताला देण्यासाठी लांबलचक पाट खणला होता आणि त्याच्या कडेने दगडामातीचा बांध घातला होता. विचार करा, यंत्र नाही, लोखंडाची कुदळसुद्धा नाही! असं काम एकट्यादुकट्याचं नव्हे. सगळ्या गावाने एकत्र येऊन, कुणाचं तरी ऐकून केलेलं ते काम. शेतात सातू, गहू, मसूर, वाटाणा पिकत असे. आणि भांडी तर काय सुरेख! लाल रंगाची, वर काळी नक्षी, आणि इतकी पक्की भाजलेली की टिचकी मारली तर धातूसारखी टणटण वाजावीत. संगमनेरजवळच्या जोर्वे गावी अशी भांडी पहिल्यांदा मिळाली, म्हणून या लोकांच्या संस्कृतीलाच 'जोर्वे संस्कृती' म्हणतात.

मग इ.स.पूर्व १००० च्या सुमारास काहीतरी बिघडलं. प्रवरेकाठची नेवासे, दायमाबाद यांसारखी नांदती गावं ओस पडली. का? डॉ. ढवळीकरांचं म्हणणं असं की पाऊस कमी होत गेला आणि शेती हाताबाहेर गेली. नंतरच्या काही संशोधकांना हे तितकंसं पटत नाही. हवा आधीपासूनच कोरडी होती, माणसांनीच जमिनीकडून झेपेल त्यापेक्षा जास्त ओढून घेतलं, असं ते म्हणतात. (हा वाद ओळखीचा वाटतो ना, पालकांनो?)

शेजारची गावं गेली, इनामगाव मात्र उरलं. पण कसं? चौकोनी घरं गेली आणि त्यांच्या जागी छोट्या गोल झोपड्या आल्या, माणूस जेमतेम पाय पसरील एवढ्या. भांडी ओबडधोबड झाली, वरची नक्षी विरळ होत गेली. गहू मागे पडला. खाल्लेल्या जनावरांच्या हाडांत हरणांची हाडं वाढली. म्हणजे शेती पुरेना, म्हणून माणसं रानावर जगू लागली आणि बहुधा वर्षातले काही महिने भटकूही लागली.

धाकट्याने इथे टाळ्या वाजवल्या. शिकार! झोपडी!

मी त्याला पुढचं सांगितलं. इनामगावात दोनशेहून जास्त दफनं सापडली आणि त्यांतली बहुतेक लहान मुलांची आहेत. चांगल्या दिवसांतही मुलं मरत होतीच, कारण हगवण, ताप यांवर औषध कुठलं? पण पडत्या काळातल्या मुलांची हाडं तपासली तेव्हा त्यांची वाढ खुंटलेली दिसली. पोटभर मिळत नव्हतं. ती झोपडी सहलीची नव्हती रे बाबा, आणि हरणामागे धावणारा माणूस भुकेलेला होता. धाकटा गप्प बसला.

थोरलीला वाटलं आपण जिंकलो. "बघा! कशाला उरायचं मग?"

पण थांबा. हा पडता काळ किती चालला? सुमारे तीनशे वर्षं! थोरल्या बाजीरावांपासून आजपर्यंत जेवढा काळ गेला, जवळजवळ तेवढा. म्हणजे बारा-तेरा पिढ्या. पहिल्या पिढीला जुनं गाव नक्की आठवत असणार. एखादी आजी नातवाला सांगत असेल, आमच्या वेळी घराला खोल्या होत्या, कोठार भरलेलं असायचं. तिला ती गोल झोपडी बोचत असेल, रोज. नातवाचं काय? तो त्याच झोपडीत जन्मला. त्याला ते 'कोसळलेलं जग' वाटलंच नसेल. ते त्याचं घर. तिथेच त्याने पहिलं पाऊल टाकलं, तिथेच त्याची भावंडं, खेळ, भांडणं. त्याला जर कुणी विचारलं असतं, "असलं आयुष्य जगण्यात काही अर्थ आहे का?" तर तो प्रश्नच त्याला कळला नसता, असं मला वाटतं.

थोरलीचा प्रश्न खरं तर आजीचा आहे. ज्याने गमावलं, त्याचा. आणि तो खोटा नाही हं. आपल्याकडे आज दवाखाना आहे, पुस्तकं आहेत, ती गेली तर दुखणारच. पण आजीने "आता काय उरलं" म्हणून हात टेकले असते, तर पुढच्या बारा पिढ्या कुठल्या?

"पण तिने ते सगळं का सोसलं असेल?" थोरलीने विचारलं. जरा वेळाने. आवाज बदलला होता तिचा.

याचं उत्तर कुठल्याही भांड्यावर लिहिलेलं नाही. मी तिला एवढंच सांगितलं, जे जमिनीतून निघालं ते.

मोठं माणूस वारलं की इनामगावचे लोक त्याला घराखालीच किंवा अंगणात पुरत आणि पुरताना त्याची पावलं तोडत. अंगावर काटा येतो ना? त्याने गाव सोडून भटकू नये, म्हणून असं करत असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. लहान मूल गेलं, तर दोन मोठी मडकी घेत, त्यांची तोंडं एकमेकांना जुळवून आडवी ठेवत आणि आत बाळाला निजवत. तो खड्डाही घरातच, रोज वावरायच्या जमिनीखाली. शेजारी एखादं छोटं भांडं ठेवत, बाळाला भूक-तहान लागली तर असावं म्हणून असेल.

पडत्या काळात घरं बदलली, जेवण बदललं, नक्षी गेली. ही दोन मडकी मात्र शेवटपर्यंत तशीच राहिली. गोल झोपड्यांच्या जमिनीखालीही ती सापडली आहेत, तोंडाला तोंड लावून, नीट बसवलेली. घरात दाण्याला दाणा मोजून खायची वेळ असताना कुणीतरी दोन धड मडकी बाळासाठी काढून दिली होती.

धाकट्याने विचारलं, "त्या छोट्या भांड्यात काय असेल?"

"तू काय ठेवलं असतंस?" थोरली म्हणाली. मग दोघं त्यावर बराच वेळ बोलत बसली. सिनेमाचा विषय पुन्हा निघालाच नाही.