घराचे काम आणि क्रियेची समाप्ती

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण खर्च आणि दगदग या दोन्हींचा अनुभव सांगण्यासाठी वापरली जाते. तिच्या क्रियापदरचनेकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. 'बांधून पाहणे' हे संयुक्त क्रियापद प्रयत्न अथवा अनुभव सुचविते. घर बांधून झाले की नाही याविषयी ते काहीच सांगत नाही. लग्न मुहूर्तावर लागते आणि लागले म्हणजे लागले. घराचे काम कोणत्या क्षणी संपले हे सांगणे इतके सोपे नाही. रंग, गळती, ओल, दारे, नळ यांपैकी काहीतरी नेहमी शिल्लक असते. हे शिल्लक राहणे केवळ पैशाच्या वा गवंड्याच्या अभावामुळे घडते, की घरकामासाठी योजल्या जाणाऱ्या क्रियापदांतच त्याचे काही कारण दडलेले आहे, हा प्रश्न विचारात घेण्याजोगा आहे.

क्रियेला अंत असतो ही कल्पना भारतीय शास्त्रात जुनी आहे. यास्काने निरुक्ताच्या आरंभीच क्रियेचे स्वरूप सांगताना ती उपक्रमापासून समाप्तीपर्यंत पसरलेली असते, असे मानले आहे. पतंजलीच्या महाभाष्यात पाणिनीच्या वर्तमानकाळविषयक सूत्रावर जी चर्चा येते, ती आणखी उद्‌बोधक आहे. सुरू झालेली पण विराम न पावलेली क्रिया प्रत्यक्षात मध्येच थांबलेली असली, तर तिला वर्तमान म्हणावे काय, असा तेथे प्रश्न आहे. जेवत असलेला देवदत्त मध्येच हसतो, बोलतो, पाणी पितो. तरीही तो 'जेवतो' असेच म्हटले जाते. गवंडी पंधरा दिवस फिरकलेला नसतानाही 'घराचे काम चालू आहे' असे सांगणारा गृहस्थ असत्य बोलत नसतो. फरक एवढाच की देवदत्ताचे पान केव्हातरी रिकामे होते.

आधुनिक भाषाविज्ञानात झेनो वेंडलर याने १९५७ साली क्रियापदांचे जे वर्गीकरण मांडले, त्यात निश्चित अंत असलेल्या आणि नसलेल्या क्रिया वेगळ्या केल्या आहेत. मराठीत हा भेद '-भर' आणि '-भरात' यांनी सहज दाखविता येतो. 'महिनाभर घर रंगविले' या वाक्यात घर पूर्ण रंगले असे निष्पन्न होत नाही. 'महिन्याभरात घर रंगविले' या वाक्यात ते होते. काम ठरविताना कंत्राटदार 'महिन्याभरात होईल' म्हणतो; पुढे घरमालक हकीकत सांगतो ती 'सहा महिने काम चालले होते' अशी. दोन वाक्यांमध्ये केवळ पाच महिन्यांचे अंतर नाही. अंत असलेली क्रिया अंत नसलेल्या क्रियेत रूपांतरित झालेली आहे.

हे रूपांतर कसे घडते ते 'काढणे' आणि 'निघणे' या जोडीवरून स्पष्ट होते. 'त्यांनी घराचे काम काढले आहे' या वाक्यात कर्ता आहे, त्याचा निश्चय आहे. परंतु भिंत खरवडली की 'आत ओल निघाली', ओलीमागे 'जुना नळ कुजलेला निघाला', आणि मग 'आणखी काम निघाले'. 'निघणे' हे अकर्मक क्रियापद येथे कर्त्याला बाजूस सारते. पहिले काम माणसाने काढले. पुढची कामे आपली आपण निघाली. वाढलेल्या कामाचा धनी कोण आणि खर्च कोणाचा, या प्रश्नावर घरमालक व कारागीर यांच्यात जो वाद होतो, त्याचे मूळ पुष्कळदा याच ठिकाणी असते.

काम लांबले म्हणजे 'होत आले आहे' ही रचना ऐकू येते. तिचे दोन अर्थ आहेत. 'काम होत आले आहे' म्हणजे ते समाप्तीच्या जवळ आहे. 'पूर्वीपासून असेच होत आले आहे' म्हणजे क्रिया भूतकाळापासून अखंड चालू आहे. जेथे पहिला अर्थ अभिप्रेत असतो, तेथे काही महिन्यांनी दुसराच खरा ठरतो. 'राहणे' या धातूची व्याप्ती याहूनही मोठी आहे. माणसे घरात राहतात. काम करावयाचे राहते. आणि कारागीर काम करत राहतो. निवास, अपूर्णता आणि सातत्य हे तिन्ही अर्थ एकाच धातूने वाहिले आहेत.

याच्या उलट जुन्या घरकामाची क्रियापदे पाहावीत. कोकणात पावसाळ्यापूर्वी घर 'शाकारले' जाई: सरकलेली कौले नीट बसवावयाची, फुटलेली बदलावयाची. मराठवाड्यातील माळवदावर पावसाआधी नवी माती पसरून ती चोपावी लागे. जमीन सारवणे, भिंती लिंपणे, चुना देणे ही कामेही अशीच. यांपैकी कोणतेही काम कायमचे संपत नसे. तरीही 'घर शाकारून झाले' हे वाक्य निःशंकपणे उच्चारता येई. 'शाकारणे' या क्रियेचा अंत ठरलेला होता, आणि पुढील वर्षी ती पुन्हा करावयाची हेही ठरलेले होते. पुनरावृत्ती मान्य असल्यामुळेच समाप्ती शक्य होती. यातील रोजचे सडासारवण बहुतांशी स्त्रियांकडे असे. त्याला 'घराचे काम काढले' असे कोणी म्हणत नसे. भाषेने ज्या श्रमाला प्रकल्पाचा मान दिला नाही, तोच श्रम दररोज पूर्ण होत होता, ही गोष्ट नजरेआड करण्याजोगी नाही.

'दुरुस्ती' या शब्दाची घडण निराळी आहे. फारसी 'दुरुस्त' म्हणजे ठीक, निर्दोष. त्यावरून झालेले हे भाववाचक नाम क्रियेपेक्षा तिच्या फलस्थितीकडे बोट दाखविते: घर निर्दोष होईल तेव्हा दुरुस्ती पुरी होईल. परंतु चुना, लाकूड, लोखंड व सिमेंट ही सतत झिजणारी द्रव्ये आहेत. निर्दोष घर ही क्षणिक अवस्था होय. अशा अवस्थेला क्रियेचा अंत मानले की ती क्रिया संपण्याचा संभवच उरत नाही.

यावरून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. कामाचा करार 'दुरुस्ती' अशा व्यापक नामाने न करता 'गिलावा करून झाला', 'कौले बसवून झाली', 'दोन हात रंग देऊन झाला' अशा समाप्तिदर्शक वाक्यांनी केल्यास प्रत्येक क्रियेचा अंत उभय पक्षांना दिसतो, आणि नव्याने 'निघालेले' काम कोणीतरी 'काढले' पाहिजे हेही उघड होते. घराचे काम त्यामुळे संपणार नाही. मात्र त्यातील एकेक काम संपू लागेल, आणि शाकारलेल्या छपराखाली राहणाऱ्यांना जे समाधान वर्षातून एकदा लाभत असे, ते पुन्हा लाभण्याची शक्यता निर्माण होईल.