नाग नदी आणि आपण

दि. 15 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूर येथील भाषणात परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्राचीन नाग लोकांविषयी सांगताना नाग नदीचाही उल्लेख केला होता. त्या नदीच्या आजच्या अवस्थेचा विचार आपण करणे आवश्यक आहे.

लावा येथील टेकड्यांत उगम पावून ही नदी अंबाझरीमार्गे शहरात येते. शहरात तिच्यात सांडपाणी सोडले जाते, तसेच प्लॅस्टिकच्या पिशव्या, थर्मोकोल, चिंध्या व निर्माल्य टाकले जाते. यांपैकी जे कुजते, ते पाण्यातील प्राणवायू संपविते व जलचरांचा नाश ओढवते. जे कुजत नाही, ते पुलांखाली अडकून प्रवाह कोंडते. 23 सप्टेंबर 2023 रोजी अतिवृष्टीमुळे अंबाझरी तलाव ओसंडला व वस्त्यांत पाणी शिरले. अशा वेळी कोंडलेले पात्र संकटात भरच घालते.

वाहून गेलेला कचराही नाहीसा होत नाही. नाग नदी कन्हानला, कन्हान वैनगंगेला मिळते. वैनगंगेवर गोसीखुर्द धरण आहे. टाकणारा एक आणि भोगणारा दुसरा, असा हा अन्याय आहे.

विनयपिटकातील सेखिय नियमांपैकी शेवटचा, 75 वा नियम निरोगी भिक्खूस पाण्यात मलमूत्र विसर्जन करण्यास व थुंकण्यास मनाई करतो. नियम भिक्खूंसाठी असला, तरी त्यातील बोध उपासकांनाही लागू आहे. महानगरपालिकेकडे सांडपाणी शुद्धीकरणाची मागणी अवश्य करावी. परंतु ओला व सुका कचरा घरातच वेगळा करण्यास कोणाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही, असे आम्हांस वाटते.